बेंटॉलची केस लागलीये? ट्रॉली लावण्याआधी एवढं वाचून घ्या

परवा ठाण्याहून ट्रान्स हार्बरने येत होते तेव्हा आमच्या ओटीतली नवीन सिस्टर शेजारी बसली होती, ऐरोली येईपर्यंत एक शब्द नाही, आणि रबाळे गेल्यावर हळूच म्हणाली ताई उद्या बेंटॉल (महाधमनीचा हार्टजवळचा तुकडा म्हणजे रूट, व्हॉल्व्हसकट बदलायचं ऑपरेशन) आहे, सरांनी मला स्क्रब व्हायला, म्हणजे टेबलाशी उभं राहून सामान हातात द्यायला, सांगितलंय, मी आजवर फक्त बायपास आणि व्हॉल्व्हच्याच केसेस केल्यात. वाशी येईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण गाडीत उभ्या-बसल्या किती सांगणार, म्हणून आता नीट लिहून काढतेय. मी २२ वर्षं हार्ट ओटीत स्क्रब करते. कापायचं-शिवायचं सर्जन करतात, पण पुढचा टाका कुठे पडणार हे आपल्याला माहीत असेल तरच हात वेळेवर पुढे जातो.

सगळ्यात आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. ह्या ऑपरेशनमध्ये मागची शिवण परत दिसत नाही. बायपासमध्ये हार्ट उचलून मागे बघता येतं, इथे एकदा ग्राफ्ट (नवीन कापडी ट्यूब) खाली बसला, डावं बटण (हार्टला रक्त देणाऱ्या डाव्या कोरोनरीचं कापून घेतलेलं तोंड) जोडलं आणि वरचं टोक शिवलं की मागची बाजू झाकली गेली ती गेलीच, तिथून रक्त आलं तर पोचायलाच जागा नाही. म्हणून जे बघायचं ते त्या त्या पायरीलाच बघायचं. खाली मी जे जे लिहिलंय ते शेवटी ह्याच एका गोष्टीवर येतं.

आता रूट म्हणजे काय तर हार्टमधून महाधमनी निघते तिथला पहिला तुकडा. खाली व्हॉल्व्हची रिंग म्हणजे अ‍ॅन्युलस, वर जिथे नळी सरळ होते ते सायनोट्युब्युलर जंक्शन, मधे तीन फुगवटे म्हणजे सायनस, आणि त्यातल्या दोन सायनसमधून डावी आणि उजवी कोरोनरी निघते. हा भाग फुगला की पाकळ्या एकमेकींना पोचत नाहीत आणि व्हॉल्व्ह लीक होतो, आणि भिंत पातळ झाली की फाटायची भीती. मार्फान (धमनीची भिंत कमकुवत करणारा आनुवंशिक आजार), बायकस्पिड व्हॉल्व्ह (तीनऐवजी दोन पाकळ्यांचा), डिसेक्शन (भिंत आतून चिरणं), रूटचं इन्फेक्शन, असे पेशंट येतात. साधारण ५.५ सेंटीमीटरला ऑपरेशन ठरतं, मार्फानमध्ये ५ लाच, आणि घरात कोणाला डिसेक्शन झालेलं असेल वगैरे तर त्याच्याही आधी.

नाव बेंटॉल का, तर १९६८ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या ह्यू बेंटॉल आणि डी बोनो ह्यांनी ही पद्धत छापली, व्हॉल्व्ह एका ट्यूबमध्ये शिवायचा आणि ते सगळं एकत्रच रूटच्या जागी बसवायचं. (त्याच १९६८ मध्ये आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन ह्यांनी देशातलं पहिलं हृदयरोपण केलं, त्या पिढीने हातात काय होतं आणि काय करून दाखवलं ह्याचा विचार केला की मला अजूनही भरून येतं.) मूळ पद्धतीत कोरोनरी कापून वेगळ्या करत नसत, ग्राफ्टला भोक पाडून ते कोरोनरीच्या तोंडाला तसंच जागेवर शिवायचे आणि जुनी फुगलेली भिंत वरून परत गुंडाळून बंद करायचे. त्यात व्हायचं काय की गुंडाळलेल्या भिंतीच्या आत रक्त साठलं की ते कोरोनरीच्या शिवणीला ओढायचं, शिवण सुटायची आणि तिथे खोटा फुगा तयार व्हायचा. मग १९८१ च्या सुमारास फ्रान्सच्या काब्रोल ह्यांनी दोन्ही कोरोनरींना ८-१० एमएमच्या वेगळ्या ट्यूबने जोडायची युक्ती काढली, ताण गेला पण ती ट्यूब पिळायची नाहीतर बंद पडायची. आज जे सगळीकडे करतात ते बटण, म्हणजे कोरोनरीचं तोंड आजूबाजूच्या थोड्या भिंतीसकट गोल कापून घ्यायचं, मोकळं करायचं आणि ग्राफ्टला शिवायचं, हे कुशूकस ह्यांनी रुजवलं. जुन्या पद्धती तुम्हाला कशाला सांगतेय, तर रिडू (आधी ऑपरेशन झालेल्या) केसमध्ये आत चिकटलेलं असलं आणि बटण सैल होतच नसलं तर सर आजही ८ एमएमची ट्यूब मागतात, आणि त्यावेळी ती कपाटात शोधत बसायची वेळ नसते.

आदल्या दिवशी काय करायचं. सीटी बघा, किंवा सर बघत असताना मागे उभ्या राहा आणि विचारा. अ‍ॅन्युलस किती, फुगा कुठपर्यंत, आर्चला हात लावणार का, पंपची नळी म्हणजे कॅन्युला कुठे घालणार, वरच आर्चजवळ, की काखेत, की जांघेत. पहिलं ऑपरेशन आहे की रिडू. मेकॅनिकल (कृत्रिम), टिश्यू (प्राण्याच्या ऊतीचा) की पेशंटचाच व्हॉल्व्ह वाचवणार. पन्नाशीच्या आतल्याला साधारण मेकॅनिकल, पासष्टीच्या पुढे टिश्यू, मधल्या वयात पेशंटशी बोलून, आणि मूल हवं असलेल्या तरुण मुलीचा विचार पूर्ण वेगळा, कारण रक्त पातळ करायची गोळी गरोदरपणात त्रासाची.

मग ग्राफ्ट. मेकॅनिकलमध्ये व्हॉल्व्ह आणि ट्यूब कंपनीतूनच जोडून येतात. टिश्यू हवा असेल तर बहुतेक वेळा टेबलावरच बनवायचं, ट्यूब व्हॉल्व्हपेक्षा ३ ते ५ एमएम मोठी घ्यायची आणि व्हॉल्व्हची रिंग आत बसवून प्रोलीन धाग्याने गोल शिवायची. म्हणजे अंदाजे साईझ तर हवीच, शिवाय एक वरची आणि एक खालची. आणि ही खोकी आदल्या दिवशी संध्याकाळी ओटीत आलेली हवीत, सकाळी येतील असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. पूर्वी मी एका दुसऱ्या हॉस्पिटलात होते तेव्हा ट्यूब सकाळी येणार होती, आणणारा मुलगा ऐरोली पुलावर अडकला, पेशंट झोपवलेला, लाईन्स टाकून झालेल्या, आणि आम्ही सगळे घड्याळाकडे बघत उभे. तासभर! तेव्हापासून खोकं हातात घेऊन, साईझ आणि एक्सपायरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय मी घरी जात नाही.

ट्रॉलीवर नेहमीच्या व्हॉल्व्हच्या सामानाशिवाय हे वेगळं काढा: प्लेजेटवाले (टाक्याखाली बसणारा फेल्टचा छोटा तुकडा) टू-झिरो जाडीचे एथिबॉन्ड धागे दोन रंगांचे, भरपूर, अ‍ॅन्युलसला १५-१८ टाके सहज लागतात. बटणांना फाईव्ह-झिरो प्रोलीन, वरच्या टोकाला फोर-झिरो. टेफ्लॉन फेल्टची शीट, तिच्यातून पट्टी आणि बटणाच्या मागे लावायला छोट्या गोल रिंगा कापायच्या, काही सर त्याऐवजी पेरिकार्डियम (हार्टवरचं आवरण) घेतात. बॅटरीवाली छोटी हॉट कॉटरी, डोळ्यांच्या ऑपरेशनला वापरतात ती, ग्राफ्टला भोक पाडायला. कात्रीने कापलं तर ट्यूबच्या डेक्रॉन कापडाचे धागे सुटतात, कॉटरीने कडा वितळून बंद होते. कोरोनरीच्या तोंडात धरून कार्डिओप्लेजिया (हार्ट थांबवायचं औषध) द्यायच्या कॅन्युला दोन-तीन साईझच्या. रबर लावलेले मॉस्किटो (छोटे चिमटे). आणि दोन्ही पाय पेंट करून ड्रेप करा, का ते पुढे येईलच.

हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलं, एसीटी (रक्त गोठायला लागणारे सेकंद) ४८० च्या वर गेला, हार्ट-लंग पंप सुरू. व्हेंट (हार्ट रिकामं ठेवणारी नळी) उजव्या वरच्या पल्मनरी व्हेनमधून. टेम्परेचर बहुतेक वेळा २८ ते ३२, आर्चचं काम असेल तर आणखी खाली. इथे व्हॉल्व्ह लीक असेल तर एक फरक आहे तो लक्षात ठेवा, महाधमनीला क्लॅम्प लावून नेहमीसारखं रूटमधून कार्डिओप्लेजिया दिलं तर ते कोरोनरीत न जाता व्हेंट्रिकलमध्ये उतरतं आणि हार्ट फुगतं. म्हणून धमनी उघडून दोन्ही कोरोनरींच्या तोंडात थेट द्यायचं, किंवा मागून कोरोनरी सायनसमधून, किंवा दोन्ही. क्लॅम्प लागला की लगेच चाकू, सक्शन आणि कॅन्युला एकामागे एक, इथे एक मिनिटसुद्धा मोठं असतं. बर्फाचा स्लश तयार ठेवा.

आता मुख्य काम. धमनी आडवी कापतात, आत बघतात. मग सायनस कापून काढायचे, अ‍ॅन्युलसपाशी चार-पाच एमएमची कड ठेवून, आणि दोन्ही बटणं कापायची. बटण कापल्यावर ते कुठल्या बाजूने वर होतं हे कळायला एक मार्किंगचा टाका घेतात, तो टाका वेगळ्या मॉस्किटोला लावा आणि ट्रॉलीवरच्या इतर धाग्यांत मिसळू देऊ नका. बटण पिळलं गेलं तर वरून शिवण सुंदर दिसते आणि आत रक्त जात नाही.

व्हॉल्व्ह काढून, कॅल्शियम साफ करून, साईझर घालून बघितलं की सर साईझ सांगतात आणि तुम्ही ती मोठ्याने परत म्हणायची, सर्क्युलेटिंग सिस्टरनेही म्हणायची, मगच खोकं उघडायचं. ग्लुटाराल्डिहाइडमधला टिश्यू व्हॉल्व्ह असेल तर खोक्यावर लिहिलंय तितका वेळ सलाईनमध्ये धुवा, नंतर कोरडा पडू देऊ नका. मेकॅनिकलच्या लीफलेटला (पाकळीला) धातूचं काही लावू नका. पूर्वी ट्यूब रक्तात भिजवून गोठवून घ्यायला लागायची नाहीतर छिद्रांतून पाझरायचं, आता कोलॅजन नाहीतर जिलेटिनचं कोटिंग येतं त्यामुळे ती कटकट गेली.

अ‍ॅन्युलसचे टाके एक हिरवा एक पांढरा असे, क्रमाने, प्लेजेट बाहेरच्या बाजूला राहतील असे बहुतेक जण घेतात. माझी आई ठाण्याला ब्लाऊज शिवायची, ती म्हणायची बाही जोडताना आधी तीन ठिकाणी टाचून घ्यायची, मधलं कापड मग आपोआप सारखं वाटलं जातं, इथेही अगदी तेच, तीन कमिशरचे (दोन पाकळ्या भेटतात तो कोपरा) टाके आधी घेतात आणि मधले त्यांच्यात वाटून. दोन टाक्यांत अंतर राहिलं तर तिथूनच रक्त येणार. उजव्या आणि नॉन-कोरोनरीच्या मधल्या कोपऱ्याखाली हार्टची वायरिंग जाते, तिथे टाका खोल गेला तर हार्ट ब्लॉक, म्हणून तो टाका घेताना सर थांबतात, तेव्हा मागून घाई करू नका, आणि पेसिंग वायर बाहेर काढून ठेवा. सगळे टाके व्हॉल्व्हच्या रिंगमधून काढून झाले की धागे ओले करायचे आणि मग ग्राफ्ट खाली सरकवायचा, कोरडा धागा अडकतो आणि मधेच लूप राहतो. गाठी मारताना सरांच्या ग्लोव्हवर पाणी. काही सर्जन राहिलेली कड वरून रिंगला प्रोलीनने परत शिवतात, दुसरा थर, त्यात वेळ जातो पण माझ्या डोळ्यांनी सांगते, त्या केसेस नंतर कोरड्या असतात.

इथे थांबून बघायचं. सक्शन आणि लाईट द्या, मागच्या बाजूचा एकेक टाका हुकने ओढून बघू द्या.

मग डावं बटण, आधी तेच, कारण ते मागे आहे. ग्राफ्टवर जागा ठरवून कॉटरीने गोल भोक, फेल्टची रिंग, फाईव्ह-झिरो प्रोलीन गोल. असिस्टंटने धागा ताणून धरायचा, ओढायचा नाही, मार्फानच्या पेशंटची भिंत ओल्या कागदासारखी असते. शिवून झालं की ग्राफ्ट वरून दाबून आत कार्डिओप्लेजिया देतात, त्याने दोन कामं होतात, हार्टलाही मिळतं आणि बटण आणि खालची शिवण दोन्ही प्रेशरखाली तपासल्या जातात. कुठे थेंब दिसला तर आत्ताच जास्तीचा टाका. हीच ती वेळ, ह्याच्यानंतर नाही.

उजवं बटण मात्र बहुतेक जण घाई करत नाहीत. हार्ट रिकामं असताना जागा वेगळी दिसते, आणि रक्त भरल्यावर उजवं व्हेंट्रिकल वर उचलतं, मग नळी वाकते. म्हणून वरचं टोक आधी शिवून, ग्राफ्ट भरून, जागा मार्क करतात आणि मगच भोक पाडतात. वरचं टोक फोर-झिरोने, फेल्टच्या पट्टीसकट, आणि तिथेही मागची भिंत आधी.

पाय पेंट करायचं का सांगितलं ते आता. बऱ्याच वर्षांपूर्वीची केस, उंच सडपातळ तरुण मुलगा, सगळं व्यवस्थित झालं, क्लॅम्प काढला, डाव्या बाजूने हार्ट चालायला लागलं आणि उजवं व्हेंट्रिकल नुसतं पडून, फुगलेलं. मॉनिटरवर ईसीजीतला एसटी भाग चढलेला. उजवी कोरोनरी वाकली होती. सर म्हणाले व्हेन द्या, आणि पाय पेंटच केलेले नव्हते, त्या दिवशी ट्रॉली मी लावली होती. ड्रेप उचलून पेंट करून व्हेन काढून बायपास करेपर्यंत जो वेळ गेला तो मला आजही मिनिटामिनिटाने आठवतो. मुलगा वाचला, चालत घरी गेला. पण तो वेळ वाचला असता. तेव्हापासून रूटची केस म्हणजे दोन्ही पाय, कोणी कितीही म्हणू दे कशाला.

क्लॅम्प काढण्याआधी हवा काढायची, डोकं खाली, व्हेंट आणि ग्राफ्टमध्ये सुई. टीईईवर (अन्ननलिकेतून केलेली इको) हवा, व्हॉल्व्ह, दोन्ही व्हेंट्रिकल बघतात. प्रोटामिन (हेपरिन उतरवणारं औषध), मग रक्तस्राव बघत बसणं, ह्यात कधीकधी तास जातो. प्लेटलेट आणि एफएफपी (प्लाझ्मा) ब्लड बँकेला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बटणाच्या टाक्यांतून थोडं थोडं पाझरतं ते प्रोटामिननंतर थांबतं, पण धार असेल तर थांबायची वाट बघायची नाही.

आता दुसरा प्रकार, जिथे व्हॉल्व्ह चांगला आहे आणि फक्त भिंत खराब. ह्यात दोन नावं कानावर येतील. टोरंटोच्या टायरोन डेव्हिड ह्यांनी १९९२ मध्ये छापलेली, पेशंटचाच व्हॉल्व्ह ट्यूबच्या आत परत लावायची पद्धत, आणि लंडनच्या मॅग्दी याकूब ह्यांची, जिच्यात ट्यूबचं खालचं टोक तीन जिभांसारखं कापून ते काढलेल्या सायनसच्या जागी शिवतात. फरक असा की याकूबमध्ये पाकळ्यांची हालचाल जास्त नैसर्गिक राहते पण अ‍ॅन्युलस मोकळाच राहतो आणि पुढे पसरू शकतो, म्हणून आता त्याला बाहेरून आधार देतात, आणि डेव्हिडमध्ये अ‍ॅन्युलस ट्यूबच्या आत धरलेला असतो, म्हणून मार्फानला बहुतेक जण डेव्हिड घेतात.

डेव्हिडला स्क्रब करताना वेळ जास्त धरा. रूट बाहेरून पार अ‍ॅन्युलसच्या खालपर्यंत मोकळं करतात. मग पाकळ्यांच्या खालून आतून बाहेर प्लेजेटचे टाके, ते ट्यूबच्या खालच्या कडेतून काढून ट्यूब रूटवरून खाली बसवायची, जसा उशीला अभ्रा चढवतो तशी. गाठी हलक्या, घट्ट आवळल्या तर कड दुमडते आणि आत अरुंद होतं, म्हणून काही सर आत हेगार डायलेटर ठेवून गाठी मारतात, तो गायनॅक ओटीतून मागवावा लागतो, विसरू नका. मग तीन कमिशर ट्यूबच्या आत वर खेचून फोर-झिरोने लावायचे, आणि सगळं इथेच ठरतं. एक कमिशर दोन-तीन एमएम खाली बसला तरी ती पाकळी लोंबते. उरलेली सायनसची कड फोर-झिरो किंवा फाईव्ह-झिरोने ट्यूबला आतून शिवायची, मग पाणी भरून बघायचं पाकळ्या कशा मिटतात. अ‍ॅन्युलसपासून पाकळ्यांच्या मधल्या कडेपर्यंतची उंची मोजायला एक खास कॅलिपर येतो, ती ९ एमएमच्या आसपास असली की सरांचा चेहरा सैल होतो. नंतर बटणं वर सांगितली तशीच. ट्यूब फुगवटे असलेली मिळते, वालसाल्व्हा ग्राफ्ट म्हणतात, सरळ ट्यूबही चालते. आणि डेव्हिड ठरलं असलं तरी व्हॉल्व्हवाली ट्यूब खोलीत हवीच, न उघडता, कारण टीईईवर लीक दिसला तर परत पंपवर जाऊन बेंटॉल करावं लागतं.

बाकीच्या पद्धती इथे थोडक्यातच. रूट इन्फेक्शनने पोखरलं असेल तर होमोग्राफ्ट, म्हणजे दान केलेल्या हार्टमधला रूट, मिळाला तर. रॉस म्हणजे पेशंटचाच पल्मनरी व्हॉल्व्ह इकडे आणायचा, डोनाल्ड रॉस ह्यांनी १९६७ मध्ये केलेलं, निवडक तरुण पेशंटला आणि निवडक हातांनीच. एक मात्र सांगावंसं वाटतं, इंग्लंडमध्ये टाल गोल्सवर्दी नावाचा इंजिनिअर स्वतः मार्फानचा पेशंट, त्याने स्वतःच्या स्कॅनवरून रूटभोवती बाहेरून घालायचा जाळीचा मोजा बनवून घेतला आणि २००४ मध्ये तो पहिल्यांदा त्याच्याच हार्टवर बसवला. रूट कापायचंच नाही, कोरोनरी सोडवायच्या नाहीत. वेळेत सापडलेल्या पेशंटसाठी आहे ते, फाटल्यावर नाही.

छाती बंद करण्याआधी मोजणी. गॉझ, सुया हे तर आहेच, पण प्लेजेट आणि फेल्टचे कापलेले तुकडेसुद्धा, त्यांच्यासाठी एक वेगळा बाऊल ठेवा आणि कापताना किती कापले ते बोर्डवर लिहायला सांगा. आयसीयूत सोडताना ड्रेनमध्ये किती आहे ते सांगाच, आणि हेही सांगा की चांगला येणारा ड्रेन एकदम थांबला तर खूश व्हायचं नाही, गाठ अडकून हार्टवर दाब येतोय का ते बघायचं. प्रेशर चढू द्यायचं नाही, नवीन शिवण आहे.

बाहेर नातेवाईक असतात, बहुतेक वेळा कोणीतरी कळव्याहून, दिव्याहून नाहीतर पनवेलहून सकाळपासून उपाशी आलेलं. ऑपरेशन कसं झालं हे सर सांगतील, पण मेकॅनिकल बसलं असेल तर घरी जाण्याआधी कोणीतरी बसून त्यांना गोळीचं समजावलं का एवढं तुम्ही विचारून घ्या. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम, रोज एकाच वेळी, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ती तपासणी) बहुतेकांना २ ते ३ मध्ये, पालेभाजी बंद नाही करायची पण आज जुडीभर आणि मग आठ दिवस काही नाही असंही नाही, दात काढायचा असेल तर आधी सांगायचं की व्हॉल्व्ह बसवलाय, आणि मार्फान असेल तर भावंडांची आणि मुलांची इको. हे शेवटचं आवर्जून सांगा, त्या घरातला पुढचा पेशंट अजून कॉलेजात असतो आणि त्याला काहीही होत नसतं.